मेरा येथील खडकाळ किनारा

तोक्यो शहराच्या क्योबाशी भागांत आर्टिझन नांवाचें एक चित्रसंग्रहालय आहे. तेथील संग्रहांत समुद्राचें एक तैलचित्र आहे. आकारानें तें फारसें मोठें नाहीं, आणि विषय म्हणाल तर अगदीं साधा आहे. खडक, त्यांवर येऊन फुटणाऱ्या लाटा आणि पलीकडे पसरलेलें पाणी, एवढेंच त्यांत आहे. माणूस नाहीं, होडी नाहीं, कसलीहि कथा नाहीं. १९०४ सालच्या उन्हाळ्यांत, बोसो द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशीं असलेल्या मेरा नांवाच्या कोळ्यांच्या गांवीं तें काढलें गेलें. चित्रकाराचें नांव आओकी शिगेरु. त्या वेळीं त्याला नुकतींच बावीस वर्षें पुरीं झालीं होतीं, आणि त्याच्या आयुष्याचीं पुरतीं सात वर्षेंहि उरलीं नव्हतीं.

चित्राच्या अगदीं जवळ गेलें तर समुद्र नाहींसा होतो. दिसतात ते निळ्या, हिरव्या आणि पांढऱ्या रंगांचे आंखूड, सुटे फटकारे. एकमेकांत न मिसळलेले, जणूं घाईघाईनें मारलेले. चार पावलें मागें सरलें कीं तेच फटकारे पाणी होतात. लाट उचलली जाते, खडकावर आदळते आणि फेंस होऊन पसरते. लाटेची बाह्यरेषा कोठेंहि काढलेली नाहीं. तरी लाट आहे. ही किमया त्या देशांत तेव्हां नवीनच होती.

परंतु या चित्राची खरी हकीकत केवळ रंगांची नाहीं. त्या उन्हाळ्यांत त्या किनाऱ्यावर एकाच गांवचे, एकाच वर्षीं जन्मलेले, एकाच शाळेंत शिकलेले दोन मित्र उभे होते. एकाला प्रतिभा उदंड मिळाली होती, पण आयुष्य थोडें. दुसऱ्याला दीर्घ आयुष्य मिळालें, आणि गेलेल्या मित्राचें काम जगांतून पुसलें जाऊं नये ही चिंता त्यानें वाहिली. आज तें चित्र डोळ्यांनीं पाहतां येतें याचें श्रेय जितकें पहिल्याच्या कुंचल्याला, तितकेंच दुसऱ्याच्या निष्ठेलाहि द्यावें लागतें.

प्रथम तैलरंगांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. जपानी चित्रकार शतकानुशतकें कागदावर आणि रेशमावर शाईनें व पाण्यांत कालवलेल्या रंगांनीं काढीत आले. तेथें रेषा हीच राणी. होकुसाई याचें १८३१ च्या सुमाराचें, प्रचंड लाटेचें ठशाचें चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यांतील लाटेच्या फेंसाला सुद्धां नखांसारख्या रेखीव कडा आहेत. तैलरंगाची जात याहून निराळी. शाई कागदांत मुरली कीं ती पुसतां येत नाहीं. हात एकदां चुकला म्हणजे चुकला. तेलांत घोटलेला रंग मात्र सावकाश वाळतो. तो खरवडतां येतो, त्यावर दुसरा थर चढवितां येतो, आणि जाड लेप दिला तर त्या लेपावरहि उजेड खेळतो. खडकाचा खडबडीतपणा आणि पाण्याची चमक दाखविण्यास यासारखें साधन नाहीं.

पाश्चात्य पद्धतीचें हें वेड जपानांत आधींहि कांहीं थोड्यांना लागलें होतें. शिबा कोकान या चित्रकारानें १७९६ सालीं कामाकुराजवळच्या शिचिरिगाहामा येथील समुद्रकिनारा तैलरंगांत रंगविला आणि तें चित्र एदो शहरांतील अतागो देवस्थानास अर्पण केलें. एदो म्हणजेच आजचें तोक्यो. त्या काळीं परदेशांशीं व्यवहार जवळजवळ बंद होता. डच व्यापाऱ्यांबरोबर येणाऱ्या ग्रंथांवरून जें कळेल त्यावरच शिकावें लागे. पुढें मेइजी राजवटींत दरवाजे उघडले. १८७६ सालीं सरकारनें एक कलाशाळा काढली आणि आंतोनिओ फोंतानेझी नांवाच्या इटालियन चित्रकारास शिकविण्यास आणिलें. पण थोड्याच वर्षांत वारा फिरला आणि १८८३ सालीं ती शाळा बंद झाली. १८८९ सालीं तोक्यो येथें जी सरकारी ललितकला शाळा उघडली, तींत आरंभीं तैलचित्रणाला जागाच नव्हती. तिची सूत्रें ज्यांच्या हातीं आलीं ते ओकाकुरा काकुझो देशी कलेचे कट्टे अभिमानी होते. हेच ओकाकुरा पुढें १९०२ सालीं हिंदुस्थानांत आले आणि ठाकूर घराण्याच्या स्नेहांत पडले. अखेर १८९६ सालीं त्या शाळेंत पाश्चात्य चित्रणाचा वर्ग निघाला. फ्रान्समध्यें शिकून १८९३ सालीं परतलेला कुरोदा सेइकी त्या वर्गाचा प्रमुख झाला. त्यानें काळपट तपकिरी रंगांची जुनी रीत सोडून उघड्यावरचा उजेड चित्रांत आणिला, आणि त्याच वर्षीं आपल्या सोबत्यांसह ‘हाकुबाकाई’ म्हणजे ‘श्वेताश्व मंडळ’ स्थापन केलें. आओकी शिगेरु हा या वर्गाचाच विद्यार्थी.

आओकीचा जन्म १८८२ सालीं, जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर, कुरुमे या गांवीं झाला. घराणें जुन्या सामुराईंचें, म्हणजे पिढीजात शस्त्रधाऱ्यांचें. संस्थानें मोडलीं, तरवारी गेल्या, पण मनांतली ऐट गेली नव्हती. मुलानें चित्रकार होण्याची इच्छा बोलून दाखविली तेव्हां वडिलांनीं केलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. जपानी भाषेंत ‘बिजुत्सु’ म्हणजे ललितकला आणि ‘बुजुत्सु’ म्हणजे शस्त्रविद्या. एका स्वराचा फरक. तुला शस्त्रविद्या तर म्हणावयाचें नाहीं ना, अशा अर्थाचें वडील बोलले. त्या एका प्रश्नांत सगळा जुना जपान बोलत होता. पण मुलगा बधला नाहीं. १८९९ सालीं शाळा अर्धवट सोडून तो तोक्योला गेला. फोंतानेझीचा शिष्य कोयामा शोतारो याच्या खासगी चित्रशाळेंत त्यानें कांहीं काळ घालविला आणि १९०० सालीं ललितकला शाळेंत प्रवेश मिळविला.

त्याचा बाळमित्र साकामोतो हान्जिरो मात्र कुरुमे येथेंच राहिला. त्याचे वडील लहानपणींच वारले होते. घरची स्थिति बेताची. दोघेहि एकाच गुरूपाशीं चित्रकला शिकले होते, पण तोक्योची वाट एकालाच मोकळी होती. साकामोतोनें गांवच्याच शाळेंत चित्रकलेच्या बदली शिक्षकाचें काम धरलें. त्याच्या वर्गांत बारातेरा वर्षांचा एक मुलगा बसत असे. त्याचें नांव इशिबाशी शोजिरो. हें नांव पुढें लागणार आहे.

१९०२ सालीं सैन्यभरतीच्या तपासणीसाठीं आओकी गांवीं परत आला. त्याच्याबरोबर त्याचीं चित्रेंहि होतीं. साकामोतोनें तीं पाहिलीं आणि मित्र किती पुढें गेला आहे हें त्याला उमगलें. अशा वेळीं मत्सर वाटणें कांहीं अस्वाभाविक नाहीं. साकामोतोनें काय केलें? शिक्षकाची नोकरी सोडली आणि मित्राबरोबरच तोक्योची वाट धरली.

तोक्योंत आओकीचे दिवस दोन ठिकाणीं जात असत: चित्रशाळेंत आणि उएनो येथील ग्रंथालयांत. जपानचे प्राचीन पुराणग्रंथ, बौद्ध वाङ्मय, निरनिराळ्या देशांच्या दंतकथा यांत तो बुडून जाई. १९०३ सालच्या त्याच्या चित्रांत ‘जैमिनि’ या नांवाचें एक चित्र आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. पूर्वमीमांसेचे सूत्रकार म्हणून ज्यांचें नांव आपण घेतों, त्या ऋषींचें नांव एका जपानी तरुणानें आपल्या तैलचित्रास द्यावें, ही गोष्ट ग्रंथ किती दूरवर प्रवास करतात हें सांगणारी आहे. त्याच वर्षींच्या श्वेताश्व मंडळाच्या प्रदर्शनांत त्यानें पुराणविषयक चित्रांचा एक संच मांडला आणि मंडळानें नव्यानेंच ठेवलेलें पारितोषिक सर्वांत प्रथम त्याला मिळालें. वय एकवीस, अजून परीक्षा व्हावयाची होती, आणि नांव मात्र सर्वतोमुखीं झालें.

१९०४ च्या जुलैंत तो पदवीधर झाला आणि लगेच चौघेजण मेरा गांवीं गेले. आओकी, साकामोतो, त्यांचा चित्रकार मित्र मोरिता त्सुनेतोमो, आणि फुकुदा ताने ही तरुणी. ताने स्वतः चित्रकला शिकत होती, आणि आओकीचें तिच्यावर प्रेम होतें. रशियाशीं चाललेल्या युद्धाचे ते दिवस. चौघांजवळहि पैसा बेताचाच. कोयातानी आडनांवाच्या कोळ्याच्या घरीं त्यांना आसरा मिळाला आणि सुमारें दीड महिना ते तेथें राहिले.

मेरा हें गांव म्हणजे पर्यटकांनीं हवा खाण्यास जावें असलें ठिकाण नव्हे. समोर उघडा प्रशांत महासागर. नांव प्रशांत, पण खडकांशीं त्याचें वागणें मुळींच शांत नाहीं. येथील कोळी कुपा जातीचे मोठे मासे धरण्यासाठीं हिवाळ्यांत दूर समुद्रांत जात. एका लांबच लांब दोराला पुष्कळ गळ बांधून तो पाण्यांत सोडावयाचा, अशी त्यांची रीत. वादळांत सांपडून कित्येक होड्या परत येत नसत. हिवाळ्यांत तेथल्या दक्षिण क्षितिजावर, पाण्याला अगदीं लागून, एक तेजस्वी तारा थोडा वेळ दिसतो आणि मावळतो. आसपासच्या किनाऱ्यावरील लोक त्याला ‘मेरा-तारा’ म्हणत. बुडालेल्या कोळ्यांचे आत्मे तेथें तेवत आहेत आणि तो दिसला म्हणजे वादळ येतें, असा समज होता. हा तारा आपल्याला परका नाहीं. आपण त्याला अगस्त्य म्हणतों. ज्या ऋषीनें समुद्र प्राशन केला असें आपल्या पुराणांत सांगतात, त्याच्या नांवाचा तारा त्या किनाऱ्यावर समुद्रानें गिळलेल्या माणसांचें स्मारक व्हावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

अशा समुद्रापुढें आओकीनें आपली घोडी उभी केली आणि खडक व लाटा रंगविण्यास सुरुवात केली. आरंभीं उल्लेखिलेलें चित्र याच दिवसांतलें. पुराणांतील देवदेवता क्षणभर बाजूला राहिल्या. समोर जें होतें तेंच तो काढूं लागला. मात्र लाट बसून राहत नाहीं. कुंचला रंगांत बुडवून वर पाहावें तों ती मोडलेली असते. म्हणून लाट रंगविणाऱ्याला एक लाट काढतां येतच नाहीं. शंभर लाटा पाहून त्यांचा स्वभाव काढावा लागतो. आओकीचे ते आंखूड, सुटे फटकारे या अडचणींतून जन्मलेले दिसतात. फ्रान्समध्यें क्लोद मोने यानें १८८६ सालीं बेल-ईल बेटावरचे खडक आणि लाटा अशाच सुट्या रंगांनीं रंगविल्या होत्या. मोनेची ती रीत आओकीच्या चित्रासमोर सहज आठवते. परंतु आओकीनें फ्रान्सची भूमि आयुष्यांत कधींहि पाहिली नाहीं.

त्या दिवसांत गांवाकडील उमेनो मित्सुओ या मित्राला आओकीनें लिहिलेलें २२ ऑगस्टचें पत्र उपलब्ध आहे. त्यांत समुद्राचें वर्णन आहे आणि माशांच्या नांवांची लांबलचक यादी आहे; लिहिणाऱ्याचा उल्हास ओळीओळींतून ओसंडतो. एक मोठें चित्र हातीं घेतलें आहे, पुष्कळ माणसें नमुन्यासाठीं उभीं केलीं आहेत, तोक्योला परतल्यावर दाखवीन, तोंवर मौन, असेंहि त्यांत कळविलें आहे.

त्या मोठ्या चित्राची कुळकथा साकामोतोनें पुढें सांगितली आहे. एके दिवशीं किनाऱ्यावर मासळीची मोठी खेप आली. उघडेनागडे कोळी अवाढव्य मासे ओढीत, खांद्यांवर घेत किनाऱ्यावरून चालले होते. सगळीकडे आरडाओरड आणि रक्त. हें दृश्य साकामोतोनें पाहिलें. आओकी तेथें नव्हता. घरीं आल्यावर साकामोतोनें तें वर्णन करून सांगितलें, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत तेज चमकलें. दुसऱ्याच दिवशीं आओकी कामाला लागला. सुमारें ७० सेंटिमीटर उंच आणि १८२ सेंटिमीटर लांब कापडावर दहा नग्न कोळी, मुशीच्या जातीचे प्रचंड मासे वाहत, समुद्राच्या कडेनें एखाद्या देवाच्या मिरवणुकीसारखे चालले आहेत. कडेच्या आकृति अर्धवटच राहिल्या आहेत, खालचें रेखाटन दिसतें, आखणीच्या रेघाहि पुसलेल्या नाहींत. आणि त्या ओळींतला एक गोरा चेहरा मात्र वळून थेट पाहणाराकडे पाहतो. तो चेहरा तानेचा आहे असें मानतात. चित्राचें नांव ‘उमि नो साचि’. म्हणजे समुद्राचें देणें.

पाहिलें एकानें, काढलें दुसऱ्यानें. ही गोष्ट बारकाईनें ध्यानांत घेण्याजोगी आहे. साकामोतोनें पाहिलें तें खरेंखुरें दृश्य होतें. आओकीनें काढलें तें प्राचीन काळापासून चालत आलेलें, समुद्र आणि माणूस यांच्या झगड्याचें चित्र होतें. पण जर त्यानें आधीं कित्येक दिवस त्या खडकांवर बसून पाण्याचा स्वभाव ओळखला नसता, तर ऐकीव वर्णनाला असें शरीर आलें नसतें. ज्या लहान चित्रांत एकहि माणूस नाहीं, त्यांचाच अभ्यास या दहा माणसांच्या मागें उभा आहे. मोठ्या कामाच्या पोटांत अशीं लहान, निमूट कामें असतात. लोकांना तीं सहसा दिसत नाहींत.

त्या शरद् ऋतूंत ‘उमि नो साचि’ श्वेताश्व मंडळाच्या प्रदर्शनांत लागलें आणि एकच खळबळ उडाली. अपुरें म्हणून कोणी नाकें मुरडलीं, कवींनीं त्यावर काव्य केलें. यानंतर भाग्य उघडावयास हवें होतें; झालें तें उलटेंच. १९०५ सालीं तानेला मुलगा झाला. चित्राच्या नांवांतला ‘साचि’ घेऊन त्याचें नांव साचिहिको ठेवलें. परंतु रीतसर विवाह कधींच झाला नाहीं. १९०७ सालीं तोक्योंत भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनांत आओकीनें आपलें सारें बळ ओतून एक चित्र मांडलें. ‘कोजिकी’ या ७१२ सालच्या ग्रंथांत हरवलेला गळ शोधीत एक राजपुत्र समुद्रतळींच्या प्रासादांत जातो आणि तेथें सागरकन्या त्याला भेटते, अशी कथा आहे, तोच प्रसंग. परीक्षकांनीं त्याला तिसऱ्या वर्गाचें पारितोषिक दिलें, आणि तेंहि त्या वर्गांतील शेवटचें. हा घाव त्याला फार लागला. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांना मात्र तें चित्र भावलें. १९०९ सालच्या आपल्या एका कादंबरींत, त्या प्रदर्शनांतील तेवढें एकच चित्र नायकाच्या मनास रुचलें, असा उल्लेख त्यांनीं करून ठेविला. पण कादंबरींतल्या प्रशंसेनें घरांत चूल पेटत नाहीं.

त्याच वर्षीं वडिलांच्या आजाराची वार्ता आली आणि आओकी तानेला व मुलाला मागें ठेवून कुरुमे येथें गेला. वडील वारले. थोरल्या मुलानें आतां घर सांभाळावें ही कुटुंबाची अपेक्षा रास्तच होती. तें त्याला जमलें नाहीं. सरकारी प्रदर्शनांत त्याच्या चित्राला प्रवेश मिळाला नाहीं. घरच्यांशीं बेबनाव झाला. मग क्यूशूच्या गांवोगांव भटकणें, मिळेल त्याचें चित्र काढून देणें, दारू आणि क्षय. तानेकडे तो परत गेला नाहीं. येथें त्याची बाजू घेण्याचें कारण नाहीं. प्रतिभा ही कर्तव्यांतून सुटका देणारी सनद नव्हे, आणि तिची किंमत पुष्कळदां जवळच्या माणसांनाच मोजावी लागते. जिनें मेऱ्याच्या त्या उन्हाळ्यांत त्याच्याबरोबर रंग घोटले, त्या तानेलाहि ती मोजावी लागली.

१९१० सालीं, क्यूशूच्या कारात्सु येथें त्यानें शेवटचें चित्र काढलें. विषय पुन्हां समुद्रच. पाण्यावर उगवणारा सूर्य. १९११ च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस फुकुओका येथील रुग्णालयांत त्यानें देह ठेवला. वय अठ्ठावीस. मरणापूर्वीं बहिणींना लिहिलेल्या पत्रांत त्यानें एकच मागणें केलें होतें कीं, आपली रक्षा गांवाजवळच्या केशिकेशि टेकडीवर पुरावी, म्हणजे त्सुकुशीचें मैदान तेथून दिसत राहील.

येथें एकाची कथा संपली आणि दुसऱ्याची खरी सुरू झाली. चित्रकार गेला म्हणजे त्याचीं चित्रें आपोआप जगतात असें नाहीं. तीं देणेकऱ्यांकडे जातात, माळ्यावर पडतात, दमट हवेनें त्यांना बुरशी येते, नांव विसरलें जातें. आओकीचीं चित्रें तर ज्याच्या त्याच्याकडे विखुरलेलीं होतीं. साकामोतो आणि इतर मित्र पुढें सरसावले. १९१२ सालीं त्यांनीं तोक्योंत व फुकुओकांत त्याच्या चित्रांचें स्मृतिप्रदर्शन भरविलें; १९१३ सालीं त्याच्या चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला तें समुद्राचें पत्र गेलें होतें त्या उमेनोनेंहि पुष्कळ चित्रें जपून ठेविलीं.

साकामोतो स्वतः सावकाश चालणारा माणूस. १९१२ सालच्या सरकारी प्रदर्शनांत त्यानें एका गाईचें चित्र मांडलें आणि तें पाहून सोसेकींनींच त्याचीहि वाखाणणी केली. १९२१ ते १९२४ हीं वर्षें त्यानें फ्रान्समध्यें काढलीं. आओकीला जें लाभलें नाहीं तें त्याला लाभलें. परंतु परतल्यावर राजधानींत न राहतां तो आपल्या क्यूशूंतच गेला, आणि गाई, घोडे, फळें, पुढें चंद्र, असे शांत विषय रंगवीत राहिला.

त्याच्या वर्गांत बसणारा इशिबाशी शोजिरो आतां मोठा उद्योगपति झाला होता. कापडी मोज्यांचा घरचा धंदा त्यानें वाढविला, रबरी तळांचीं पादत्राणें काढलीं, आणि १९३१ सालीं मोटारींच्या टायरांचा ब्रिजस्टोन कारखाना स्थापन केला. त्याच सुमारास जुन्या गुरुजींनीं त्याच्यापाशीं एक गोष्ट काढली. आओकीचीं चित्रें इतस्ततः पांगत आहेत. तीं एकत्र करावीं आणि लहानसें कां होईना, एक संग्रहालय बांधावें, असें तें सांगणें होतें. साकामोतोनें आपलीं चित्रें घे असें म्हटलें नाहीं, मित्राचीं घे असें म्हटलें. शिष्यानें तो शब्द उचलला. त्यानें आओकीचीं चित्रें शोधून शोधून विकत घेतलीं; त्यांत ‘उमि नो साचि’ होतें, आणि मेऱ्याच्या खडकांचें तें चित्रहि आलें. युद्ध आलें आणि गेलें. १९५२ च्या जानेवारींत क्योबाशी येथें ब्रिजस्टोन संग्रहालय उघडलें. १९५६ सालीं कुरुमे येथेंहि कलासंग्रहालय उभें राहिलें. क्योबाशीचें संग्रहालय नव्या इमारतींत २०२० सालीं आर्टिझन या नांवानें पुन्हां सुरू झालें. गांवच्या शाळेंतील एका बदली शिक्षकानें थोडे दिवस चित्रकला शिकविली, त्याचें हें फळ. शाळेच्या हजेरीपटावर तें कोणाला वाचतां आलें असतें?

यानंतरचीं वर्षें जणूं देणें फेडण्याचीं आहेत. १९६७ सालीं जपान सरकारनें ‘उमि नो साचि’ला राष्ट्राच्या महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्यांत स्थान दिलें. दोन वर्षांनीं साकामोतो वारला. त्याचें वय सत्त्याऐंशीं होतें, आणि १९५६ सालींच त्याला देशाचें संस्कृतिपदक मिळालें होतें. मेरा येथें ज्या घरानें त्या चौघांना आसरा दिला, तें कोयातानींचें घर दुरुस्त करून २०१६ सालीं आओकीचें स्मारक म्हणून लोकांस खुलें झालें. आओकीचा शेवटचा सूर्योदय साग प्रांतांतील ओगि येथील एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या मालकीचा आहे.

आणि तो मुलगा? आईच्या माहेरीं तो वाढला. फुकुदा रान्दो या नांवानें वेळूच्या शाकुहाचि बांसरीचा तो नामवंत वादक झाला. १९५३ सालीं जपानी नभोवाणीवरून बांसरीवाल्या मुलाची एक कथामालिका होत असे. तिचें संगीत त्याचें होतें. बापाचें चित्र घरोघरीं पोंचलें नव्हतें. मुलाचे सूर मात्र नभोवाणीनें लाखो घरांत नेऊन सोडले.

केशिकेशि टेकडीवर १९४८ सालीं, साकामोतो व इतर स्नेह्यांच्या खटपटीनें, आओकीच्या स्मरणार्थ एक शिळा उभारण्यांत आली. दर वर्षीं मार्च महिन्यांत त्याच्या मृत्यूच्या सुमारास कुरुमेचे लोक टेकडीवर जमतात आणि हिरव्या वेळूच्या नळींत ऊन केलेलें मद्य त्या शिळेवर ओततात. ज्यानें ऐन तारुण्यांत घर सोडलें आणि ज्याला घरानेंहि सोडलें, त्याच्या पाहुणचाराची आठवण त्याचें गांव अशी ठेवतें. तिकडे मेऱ्याच्या किनाऱ्यावर तेच खडक आहेत आणि त्यांवर लाटा फुटत आहेत. त्यांतल्या कांहीं, ज्या १९०४ च्या उन्हाळ्यांत फुटल्या, त्या तेवढ्या एका मित्राच्या कुंचल्यानें आणि दुसऱ्याच्या शब्दानें वांचल्या.